अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिश भाषेचे भवितव्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंग्रजीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा स्पॅनिश असून तिचे पुढे काय होणार, हा भाषाशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि राजकारण या तिन्ही क्षेत्रांत वादाचा विषय आहे. १९८० च्या जनगणनेत घरी स्पॅनिश बोलणारे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. २०१९ पर्यंत ही संख्या ४ कोटी १० लाखांच्या पुढे, म्हणजे पाच वर्षांवरील लोकसंख्येच्या सुमारे साडेतेरा टक्क्यांवर गेली. या वाढीवरून दोन टोकांची भाकिते केली जातात. देश द्विभाषिक होऊन इंग्रजी मागे पडेल, अशी धास्ती काहींना वाटते, तर स्पॅनिश जगताचे नवे केंद्र इथेच उभे राहील, अशी उमेद काहींना. दोन्ही भाकिते डोकी मोजून केलेली आहेत. आजीची भाषा नातवापर्यंत पोहोचते की नाही, याचा हिशेब त्यांत नसतो.

स्पॅनिश ही या भूमीवर निव्वळ स्थलांतरितांची भाषा नाही. फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन ही वसाहत स्पॅनिशांनी १५६५ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या जेम्सटाउनच्या ४२ वर्षे आधी वसवली. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला आणि तिथले स्पॅनिशभाषक जागचे न हलता परक्या भाषेच्या राज्यात गेले. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या संविधानाने सर्व कायदे दोन्ही भाषांत प्रसिद्ध करणे बंधनकारक केले होते. १८७९ च्या संविधानात ती तरतूद उरली नाही. न्यू मेक्सिकोने १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळवताना स्पॅनिशभाषकांचे मतदानाचे व शिक्षणाचे हक्क संविधानातच नोंदवले. त्या राज्याच्या उत्तर भागातील खेड्यांत ‘आसीना’ (असे), ‘त्रूखे’ (मी आणले) यांसारखी, स्पेनच्या प्रमाणभाषेतून केव्हाच लोपलेली जुनी रूपे विसाव्या शतकातही सहज ऐकू येत. आज ती बोली मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली आहे. संविधानाने कागदावर दिलेले संरक्षण घरातल्या बोलण्याला पुरले नाही.

स्थलांतरितांच्या भाषेचा तीन पिढ्यांत लोप होतो, हा अमेरिकेतील जुना अनुभव आहे. पहिली पिढी मायबोलीत जगते, दुसरी दोन्ही भाषा बोलते आणि तिसरीला फक्त इंग्रजी येते. (तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आजीने मराठीत विचारावे आणि नातवाने इंग्रजीत उत्तर द्यावे, हे दृश्य अनोळखी नाही.) स्पॅनिश या नियमाला अपवाद आहे का, हे दक्षिण कॅलिफोर्नियात, म्हणजे मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या आणि स्पॅनिशभाषकांनी गजबजलेल्या भागात, रुबेन रुम्बाऊत, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन या समाजशास्त्रज्ञांनी तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार स्पॅनिश इतर स्थलांतरित भाषांपेक्षा अधिक काळ तग धरते, पण वाट तीच चालते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, प्रौढांपैकी सुमारे ७५ टक्क्यांनी आपण स्पॅनिशमध्ये चांगला संवाद साधू शकतो असे सांगितले. तिसऱ्या व त्यापुढील पिढ्यांत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. त्याच अहवालात पुढच्या पिढ्यांना स्पॅनिश यावी असे बहुसंख्यांनी म्हटले आहे, आणि ती न येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्यावरून आपल्याच माणसांचे टोमणे ऐकावे लागले आहेत. भाषेविषयीची आस्था आणि भाषेचा वापर यांतील हे अंतर या विषयाच्या मुळाशी आहे.

मग स्पॅनिश जर्मन किंवा इटालियनच्या वाटेने अद्याप का गेली नाही? एकोणिसाव्या शतकात मध्यपश्चिमेत जर्मन शाळा आणि वृत्तपत्रे जोमात होती. नव्या स्थलांतरितांचा ओघ आटला आणि पहिल्या महायुद्धातील द्वेषाने उरलेसुरले संपवले. स्पॅनिशच्या बाबतीत एका पिढीच्या तोंडून भाषा जात असतानाच सीमेपलीकडून नवे भाषक येत राहिले, म्हणून गळक्या हौदाची पातळी वर दिसत राहिली. २००० नंतर मात्र लॅटिनो लोकसंख्येची वाढ स्थलांतरापेक्षा जन्मांमुळे अधिक होऊ लागली. २०२० च्या जनगणनेत ही लोकसंख्या ६ कोटी २० लाखांच्या घरात होती आणि तिच्यातील सुमारे दोनतृतीयांश माणसे अमेरिकेतच जन्मलेली आहेत. म्हणूनच लॅटिनोंची वाढ म्हणजे स्पॅनिशची वाढ हे समीकरण आता टिकत नाही.

शाळेने या काळात स्पॅनिश टिकवण्याची आणि ती मागे सारण्याची, अशा दोन्ही भूमिका बजावल्या. मायामीतील कोरल वे प्राथमिक शाळेत १९६३ मध्ये क्यूबातून आलेली आणि इंग्रजीभाषक मुले एकत्र दोन्ही भाषांत शिकू लागली. १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा संघराज्यीय कायदा झाला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २२७ संमत करून असे शिक्षण जवळपास बंद पाडले आणि २०१६ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी प्रस्ताव ५८ द्वारे ते पुन्हा खुले केले. दरम्यान दोन भाषांत प्रावीण्य मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर विशेष मुद्रा देण्याची पद्धत तिथेच २०११ मध्ये सुरू झाली. गोऱ्या मध्यमवर्गीय पालकांच्या मुलाची स्पॅनिश ‘कौशल्य’ ठरते आणि मजुराच्या मुलाची तीच भाषा ‘अडचण’ मानली जाते, हा विरोधाभास मात्र यातून सुटलेला नाही.

कायद्याचा प्रवासही असाच पुढेमागे झाला आहे. १९७५ पासून मतदानहक्क कायद्यानुसार ठरावीक भागांत स्पॅनिश मतपत्रिका द्याव्या लागतात. मायामी ज्यात येते त्या डेड काउंटीने (जिल्ह्याने) १९७३ मध्ये स्वतःला द्विभाषिक जाहीर केले, १९८० मध्ये मतदारांनी ते उलटवून सरकारी कामात इतर भाषांवर बंदी घातली आणि १९९३ मध्ये ती बंदीही उठली. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांच्या आदेशाने इंग्रजी प्रथमच संघराज्याची अधिकृत भाषा ठरली. इतर भाषांतील सेवा बंद करण्याची सक्ती या आदेशात नसली, तरी त्या देण्याविषयीचा २००० चा आदेश त्याने रद्द केला. प्वेर्तो रिको हे बेट वेगळे आहे: १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात असूनही आणि कित्येक दशके शाळांत इंग्रजी माध्यमाचे प्रयोग होऊनही तिथला समाज स्पॅनिशच बोलतो.

संपर्कात भाषेचे रूपही पालटते. ट्रकवरून ‘त्रोका’, लंचवरून ‘लोंचे’, पार्किंगवरून ‘पार्केआर’ असे शब्द रुळले असून एकाच वाक्यात दोन्ही भाषा गुंफणाऱ्या बोलण्याला ‘स्पँग्लिश’ म्हणतात. स्पॅनिश अकादमीने २०१४ च्या कोशात हा शब्द घेताना व्याख्येत भाषा ‘विद्रूप करणे’ असा शेरा मारला होता. आक्षेपांनंतर तो काढावा लागला. उलट दिशेचा परिणाम मायामीत दिसतो. तिथेच वाढलेले, मुख्यतः इंग्रजी बोलणारे तरुण ‘गेट आउट ऑफ द कार’ऐवजी ‘गेट डाउन फ्रॉम द कार’ म्हणतात, कारण स्पॅनिशमध्ये माणूस गाडीतून उतरतो. मराठी वाचकाला यात वावगे काही वाटणार नाही. आपणही गाडीतून उतरतोच.