स्क्रूड्रायव्हर घसरतोय? परत आणण्याआधी हे वाचा
हौसेने घड्याळे दुरुस्त करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून हत्यारे नेलेले बरेच जण आठ-पंधरा दिवसांत एकच तक्रार घेऊन येतात : "स्क्रूड्रायव्हर घसरतो, बदलून द्या." आम्ही पाते आयग्लासखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) धरतो. बहुतेक वेळा ते कारखान्यातून जसे आले तसेच असते. ते खराब नसते, पण कामाला तयारही केलेले नसते. सुतार रंध्याचे नवे पाते आधी दगडावर घासतो आणि मगच लाकडाला लावतो. घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरचेही तसेच आहे, आणि ही गोष्ट संचाच्या डबीवर कुठेच लिहिलेली नसते. म्हणून हे माहितीपत्रक.

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आजोबांचे चावीचे घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन आले. चार स्क्रू काढायचे होते, तीन निघाले. चौथ्याच्या खाचेच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या. आयग्लासखाली तिथे धातूचे चकचकीत काटे उभे राहिलेले दिसत होते. स्क्रूपासून निघालेला एक ओरखडा अख्खा ब्रिज (चाके धरून ठेवणारी वरची पट्टी) ओलांडून बॅलन्सच्या (इकडून तिकडे झुलणाऱ्या चाकाच्या) अगदी काठापर्यंत गेला होता. अजून मिलिमीटरभर पुढे गेला असता तर हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) गेली असती. स्क्रू आम्ही काढून दिला. ओरखडा मात्र तसाच राहिला, कारण ब्रिजवरची मूळ झळाळी घासून परत आणता येत नाही. त्यांच्याकडचे पाते एक मिलिमीटरचे होते आणि स्क्रूचे डोके त्याच्या जवळपास दीडपट.

पाते खाचेत कसे बसायला हवे

दोन मापे बघायची, रुंदी आणि जाडी. रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी किंवा किंचित कमी. जास्त रुंद पाते भोवतालच्या खळग्याला खरवडते. फार अरुंद घेतले तर सगळा जोर खाचेच्या मधल्या थोड्याशा भागावर येतो आणि तिथेच कड मोडते. रुंदी जुळवायची असते हे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती जाडीत.

स्वस्त संचातली पाती बऱ्याचदा सुरीसारखी टोकदार घासलेली असतात. असे टोक खाचेच्या तळाला जाऊन टेकते आणि दोन्ही भिंतींजवळ मोकळी जागा राहते. पीळ दिला की पाते आतल्या आत तिरके होते, खाचेच्या वरच्या कडांवर चढते आणि बाहेर उडते. आपल्याला वाटते हात हलला. हात हललेला नसतो, पात्याला धरायला जागाच नसते. टोक सपाट हवे आणि खाचेच्या दोन्ही भिंतींना चिकटून बसेल इतके जाड हवे. तपासायची रीत सोपी आहे. पाते खाचेत ठेवा, जोर न देता डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. डुलत असेल तर तो स्क्रू आत्ता काढू नका.

पाते तयार करायला एक बारीक पोताचा धार लावायचा दगड आणि थेंबभर तेल पुरते. पाते दगडावर थोडे तिरके टेकवून एका बाजूने मोजून पाच-सहा घासे द्या, मग उलटवून दुसऱ्या बाजूने तेवढेच. मोजायचे एवढ्यासाठी की टोक मध्यावर राहावे. एक बाजू जास्त घासली गेली तर पाते स्क्रूच्या मधोमध बसत नाही. शेवटी पाते उभे धरून टोक दगडावर दोन-तीनदा फिरवा, म्हणजे सुरीची धार जाऊन सपाट पट्टी उरेल. पट्टी किती जाड हवी हे तुमचा स्क्रूच सांगेल. घासा, खाचेत घालून बघा, पुन्हा घासा. ज्यांचा हात स्थिर राहत नाही त्यांच्यासाठी पाते पकडून ठेवणारी चाकाची छोटी गाडी मिळते. तिने कोन बदलत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ती फार उपयोगी पडते.

मग महाग स्क्रूड्रायव्हर घ्यायचा की स्वस्त? हा प्रश्न आम्हाला रोज येतो आणि आमचे उत्तर ऐकून काही जणांना आश्चर्य वाटते. शिकणाऱ्याने मधल्या प्रतीचाच घ्यावा. चुकीचा जोर लागला तर त्याच्या मऊ पात्याचे टोक पिळले जाते आणि स्क्रू वाचतो. पिळलेले टोक पाच मिनिटांत दगडावर सरळ होते. फार कडक पाते जिंकते आणि स्क्रू हरतो, आणि जुन्या मशीनचा (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेचा) स्क्रू कुठल्याही पेटीत सहज सापडत नाही. फक्त दोन गोष्टींत तडजोड करू नका : पाते बदलता आले पाहिजे आणि मुठीवरची टोपी बोटाखाली गरगर फिरली पाहिजे. तर्जनी टोपीवर दाबून ठेवायची, अंगठा आणि मधल्या बोटाने फिरवायचे. टोपी अडकत असेल तर दाब आणि फिरवणे एकाच वेळी जमत नाही.

शंभरावर नगांचा पेटीबंद संच आम्ही ठेवत नाही, यावरून आमच्यावर थोडा राग असतो. त्यातले निम्मे नग वर्षभरात हातात येत नाहीत आणि जे येतात तेच सर्वांत हलके असतात. पुरुषांच्या मनगटी घड्याळाच्या मशीनला ०.८०, १.००, १.२० आणि १.४० मिलिमीटर एवढी चार पाती बहुतेक कामांना पुरतात. मोठ्या मशीनसाठी १.६० जोडा. स्विस पद्धतीच्या संचात माप रंगावरून ओळखतात : ०.८० पिवळा, १.०० काळा, १.२० लाल, १.४० करडा, १.६० जांभळा. हे चार-पाच सुटे घेतले, सोबत बदलीची पाती आणि दगड घेतला, की मोठ्या पेटीपेक्षा खर्च हाताशी राहतो आणि प्रत्येक वस्तू वापरात येते. आम्ही सुटे देतो ते याचसाठी.

स्क्रू फिरवण्याआधी आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण यांनीही आमच्याकडे बरीच घड्याळे येतात. पहिली, मेनस्प्रिंगचा (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण आधी सोडा. चावी बोटांत घट्ट धरायची, क्लिक (मेनस्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) बाजूला सारायचा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची. ताण असताना पॅलेटचा (चाकांना ठोक्याठोक्याला अडवणाऱ्या भागाचा) ब्रिज सैल केला तर चाके भरधाव सुटतात आणि त्यांची बारीक टोके मोडतात. दुसरी, क्राऊन व्हीलचा (चावीचा पीळ पुढे पोचवणाऱ्या चाकाचा) स्क्रू पुष्कळ मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. काही ठिकाणी खूण म्हणून त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा असतात, पण सगळीकडे नसतात. तो नेहमीच्या दिशेने सुटत नाही म्हणून जोर वाढवत नेला की डोके तुटून हातात येते. शंका असेल तर आधी अगदी हलक्या हाताने दोन्ही दिशांना चाचपून बघा.

चिमटे आणि भिंग

चिमट्यांत नवशिके ५ नंबर मागतात, कारण तो सर्वांत नाजूक दिसतो. तो हेअरस्प्रिंगसाठी आहे. त्याने स्क्रू आणि चाके उचलायला गेलात की टोके वाकतात. सुरुवातीला ३ नंबर घ्या, आणि पॉलिश केलेल्या भागांसाठी एक पितळी चिमटा. पितळ स्टीलपेक्षा मऊ असल्याने ओरखडे कमी पडतात. चिमटा विकत घेताना तो उजेडाकडे धरून हळू मिटवा : टोके आधी भिडली पाहिजेत, मागची फट नंतर. मग थोडा जास्त दाब द्या. टोके फाकायला लागली तर त्याच चिमट्यातून तुमची बारीक स्प्रिंग एक दिवस उडून जाणार. अशा चिमट्याची टोकेही दगडावर दुरुस्त होतात, तोच पात्याचा दगड चालतो. चुंबक न लागणारा चिमटा घ्या, एवढे मात्र बघाच.

भिंगाबाबत "दहा पट द्या" अशी मागणी असते. दहा पटीच्या भिंगापासून घड्याळाचे अंतर साधारण २५ मिलिमीटर ठेवावे लागते. डोळा, भिंग आणि घड्याळ इतके जवळ आले की मध्ये स्क्रूड्रायव्हर धरायलाच जागा उरत नाही. भिंगाच्या पटीने २५० ला भागले की हे अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. चार पटीला ते साठच्या आसपास येते आणि हात नीट चालतो. रोजच्या कामाला चार पट घ्या. दहा पट नंतर, ज्वेल (चाकांची टोके बसतात ते खडे) आणि टोके तपासण्यापुरते.

मागचे झाकण

दाबून बसवलेल्या झाकणाला बोथट सुरी लागते, आट्यांच्या झाकणाला ते फिरवायची चावी. आट्यांचे झाकण आधी रबरी चेंडूने उघडून बघा; फार घट्ट नसेल तर चेंडूच पुरतो आणि तो ओरखडा पाडत नाही. चावी घ्यायचीच असेल तर तीन टोकांची घ्या. दोन टोकांची स्वस्त चावी झाकणावरून सटकते आणि पाठीवर कमानीसारखी रेघ ओढते. अशी झाकणे आमच्या टेबलावर दर आठवड्याला येतात.

सेल बदलणाऱ्यांसाठी एवढेच की प्लास्टिकचा चिमटा वापरा. धातूच्या चिमट्याने सेलच्या दोन्ही बाजू एकदम धरल्या की तो शॉर्ट होतो. आणि १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साईड सेलच्या जागी स्वस्तातला अल्कलाईन घालू नका. तो गळाला तर सर्किट जाते.

नंतर घ्यायच्या वस्तू

टायमग्राफर (घड्याळाचे ठोके ऐकून चाल मोजणारे यंत्र) हवासा वाटतो, पण तो पहिल्या दिवशी नको. घेतलाच तर लिफ्ट अँगल (बॅलन्सची झेप मोजायला यंत्राला द्यावा लागणारा कोन) तपासून घ्या. यंत्रावर तो सहसा ५२ अंशांवर ठेवलेला असतो. ६४९७ जातीच्या स्विस मशीनला ४४ लागतो. तो न बदलता मोजले तर बॅलन्सची खरी झेप २५० अंश असताना यंत्र जवळपास २९५ दाखवते, आणि मशीन ठणठणीत आहे असे समजून आपण झाकण लावून मोकळे होतो. त्याआधी चुंबकत्व काढणारी छोटी डबी घ्या. घड्याळ अचानक खूप पुढे जायला लागले तर बऱ्याचदा हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटलेले असतात. बटण दाबून धरायचे, घड्याळ हळूहळू लांब न्यायचे आणि हातभर लांब गेल्यावरच बटण सोडायचे. घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडले तर चुंबकत्व तसेच राहू शकते.

मेनस्प्रिंग गुंडाळायचे यंत्र हौशी माणसाने घेऊ नये असे आमचे मत आहे. नवी मेनस्प्रिंग कड्यात गुंडाळूनच येते, ती तशीच ड्रममध्ये (ती बसते त्या गोल डबीत) ढकलता येते. घड्याळाच्या तेलाची छोटी बाटली २ मिलिलीटरची मिळते आणि ती खूप दिवस पुरते. शिलाई मशीनचे तेल घालू नका. ते ज्वेलमध्ये थांबत नाही, पसरते.

सरावासाठी घरातले जुने घड्याळ उघडू नका. लेडीज घड्याळ तर नकोच. ६४९७ किंवा त्याच धर्तीचे चिनी एसटी३६ घ्या. व्यास ३६.६ मिलिमीटर, प्रकारानुसार तासाला १८,००० किंवा २१,६०० ठोके, स्क्रू मोठे, सगळे डोळ्यांना दिसते. ते तीनदा सुटे करून तीनदा चालू झाले की मग आजोबांचे घड्याळ हातात घ्या. हे मशीन आम्ही सुटे ठेवतो, आणि सोबत नेणाऱ्याची पाती त्या मशीनच्या स्क्रूंना जुळवून देतो.

बदलून देण्याबद्दल

न वापरलेले पाते वाकडे निघाले किंवा टोपी अडकत असेल तर आम्ही लगेच बदलून देतो, काही विचारत नाही. टोक पिळलेले किंवा कोपरा तुटलेला असेल तर बदलून मिळणार नाही. पण ते घेऊन या : आम्ही तुमच्यासमोर दगडावर घासून देऊ आणि तुमच्याकडूनही एकदा घासून घेऊ. त्याचे पैसे घेत नाही. दहा मिनिटे हाताशी ठेवून या, म्हणजे घाई होणार नाही.

अडकलेला स्क्रू सोडवून देण्याचे मात्र पैसे लागतात, आणि "एवढ्याशा स्क्रूला दोन दिवस?" असे विचारले जाते म्हणून सांगतो. डोके तुटून दांडी प्लेटमध्ये (मशीनच्या पितळी तळात) राहिली असेल तर आधी प्लेटवरचा प्रत्येक स्टीलचा भाग काढावा लागतो. मग पितळी प्लेट तुरटीच्या कोमट पाण्यात ठेवतो. तुरटी स्टीलची दांडी हळूहळू खाते आणि पितळेला धक्का लावत नाही. काही वेळा रात्रभरात होते, काही वेळा पाणी बदलत दुसरा दिवस उजाडतो. एखादा पोलादी भाग चुकून प्लेटवर राहिला तर तोही जातो, म्हणून घाई करता येत नाही.

तेव्हा स्क्रू तुटला तर तिथेच थांबा. ड्रिल लावू नका, गोंद लावून ओढायला जाऊ नका. सुटे झालेले सगळे भाग, तुटलेले डोकेसुद्धा, झाकण असलेल्या डबीत घालून मशीनसोबत आणा. डोके हातात असले की आट्यांचे आणि दांडीचे माप कळते, आणि बदली स्क्रू शोधायला आम्हाला निम्मा वेळ लागतो.