फुगलेल्या शिरा आणि लेझर : हा उपचार इथवर कसा आला

पोटरीवर दोरीसारखी वळलेली निळी शीर वर आली की हल्ली पहिला प्रश्न असतो, 'लेझरने जाईल ना?' पुष्कळांच्या मनात चित्र असतं ते वरून प्रकाश मारून शीर पुसून टाकण्याचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक केशवाहिन्यांसाठी तसा लेझर आहेही. व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांचा लेझर मात्र शिरेच्या आत शिरतो आणि आतून उष्णता देऊन ती कायमची बंद करतो. शीर बंद करायची ही कल्पना लेझरहून खूप जुनी आहे.

दुखणं तर त्याहून जुनं. अथेन्समध्ये सापडलेल्या, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातल्या एका शिळेवर एक माणूस भलामोठा पाय कवेत धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर ठळक कोरली आहे. रोमन सेनापती गायस मारियसच्या दोन्ही पायांत अशा गाठी होत्या. एका पायावर त्याने बांधून न घेता, हूं की चूं न करता शस्त्रक्रिया करून घेतली. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा त्याने नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा इलाज नाही, असं तो म्हणाल्याचं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे.

कारण कळायला 17वं शतक उजाडलं. इटलीतल्या पादुआच्या शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियसने 1603 मध्ये शिरांमधल्या झडपांचं वर्णन छापलं आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने 1628 मध्ये त्यांचं काम उलगडलं : रक्त हृदयाकडे जाऊ द्यायचं, उलटं येऊ द्यायचं नाही. पायात ही झडप निकामी झाली की उभं राहिल्यावर रक्त खाली घसरतं, घोट्यापाशी दाब साचतो. मग सूज येते, कातडी काळवंडते आणि शेवटी भरता भरत नाही अशी जखम होते. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो तो यामुळेच.

जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्गने 1890च्या सुमारास मांडीतली मुख्य शीर बांधून ही गळती थांबवली. 1907 मध्ये अमेरिकेच्या बॅबकॉकने शिरेतून लवचीक तार घालून अख्खी शीर ओढून काढायची रीत दिली आणि पुढची नव्वदेक वर्षं तीच चालली. जांघेत छेद, खाली दुसरा छेद, मांडी काळीनिळी, आठवडे घरी. घरातली वडीलधारी माणसं 'शिरांच्या ऑपरेशनला' घाबरतात ती या आठवणीमुळे, आणि ती भीती खोटी नव्हती.

बदल झाला त्याचं श्रेय लेझरला मिळतं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा डॉपलर सोनोग्राफीचा, म्हणजे रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा आहे. रुग्णाला उभं करतात, थंडगार जेल लावून यंत्र मांडीवर टेकवतात आणि पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर रक्त वर जातं. सोडल्यावर ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप गळते आहे. प्रवाहाची दिशा उलटली की पडद्यावर निळ्याचा लाल होताना रुग्णालाही दिसतो. ही तपासणी न करता कोणी लेझरची तारीख देत असेल, तर थांबावं. न गळणारी शीर बंद करणं म्हणजे नुकसानच, कारण हृदयाच्या बायपाससाठी बऱ्याचदा हीच शीर वापरतात.

दुसरी भर त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांची. 1987 मध्ये त्यांनी चरबी काढण्यासाठी भूल मिसळलेलं पातळ सलाईन वापरलं. तेच पाणी आता शिरेभोवती भरतात. दुखणं थांबतं, शीर आत घातलेल्या लेझरच्या तारेवर (फायबरवर) आवळली जाते आणि उष्णता कातडी व मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. या टोचण्याच बहुतेकांना सर्वांत जास्त जाणवतात.

स्पेनच्या कार्लोस बोने यांनी 1999 मध्ये शिरेच्या आत लेझर वापरल्याचं मांडलं. 2001 मध्ये नवारो, मिन आणि बोने यांचा लेख आला आणि 2002 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीचा 810 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर रक्तात शोषला जाई. टोकाशी प्रचंड उष्णता होऊन शिरेला भोकं पडत, मांडी दुखे. नंतरच्या 1470 नॅनोमीटरच्या लेझरची उष्णता शिरेच्या भिंतीतलं पाणी शोषतं आणि गोल किरण सोडणाऱ्या फायबरमुळे ती चहूबाजूंनी सारखी पसरते. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी लेझर केलेल्या नातेवाइकाचा अनुभव आजच्या उपचाराला तसाच लागू होत नाही.

'शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?' ही काळजी अगदी स्वाभाविक आहे. पायातलं बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं. त्या मोकळ्या आहेत ना, हे आधी बघतात. धोके थोडे, पण खरे आहेत : खोल शिरेत गुठळी, मुंग्या, डाग, क्वचित चटका. काही वर्षांनी दुसरी शीरही फुगू शकते.

उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2013 मध्ये उष्णतेने शीर बंद करण्याला पहिली पसंती दिली, शीर बंद करणाऱ्या औषधी फेसाचं (फोमचं) इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया त्यानंतर. तरी घोट्याला जखम असलेल्यांना 'आधी दाब देणाऱ्या पट्ट्या बांधा, जखम भरली की बघू' असंच सांगितलं जाई. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. पट्ट्यांच्या जोडीला शिरेचा उपचार लगेच केलेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली, थांबलेल्यांची 82 दिवसांत.