बियांची सुप्तावस्था आणि विदर्भातील बहुवर्षायू फुलझाडे

थंड प्रदेशांत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलझाडांची परीक्षा हिमवर्षावात होते. विदर्भात ती मे महिन्यात होते. नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो, काळी माती आकसून तिला भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर झाडांची बारीक मुळेही तुटतात. त्यामुळे अंगणाच्या कडेने किंवा कुंपणालगत फुलझाडांची कायमची ओळ लावायची असेल, तर हा उन्हाळा सोसणारी झाडेच निवडावी लागतात. आणि ती बियांपासून वाढवायची असतील, तर त्यांचे बी कशामुळे उगवते आणि कशामुळे अडून राहते, हे आधी समजून घ्यावे लागते.

पक्व बी ओल मिळताच रुजते असे नाही; त्याच्या या अडून राहण्यालाच सुप्तावस्था म्हणतात. डेल्फिनियम, ॲक्विलेजिया यांसारख्या थंड हवेतील झाडांचे बी काही आठवडे ओलसर गारठ्यात राहिल्यानंतरच नीट उगवते. त्या काळात उगवण रोखून धरणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाचा प्रभाव ओसरतो आणि उगवणीला चालना देणाऱ्या जिबरेलिनचा वाढतो. हिवाळा सरण्यापूर्वी कोंब बाहेर येऊ नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. फ्रिजमध्ये ठेवून असे बी आपल्याकडेही उगवून आणता येईल, पण पुढे मे महिन्यात त्या रोपाचे काय होणार, हे सांगणे न लगे. पाकिटावरच्या रंगीत चित्राला भुलून हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आपल्या गोकर्णाची गोष्ट निराळी आहे. या शेंगवर्गीय वेलाच्या बियांमध्ये अडसर असतो तो कवचाचा. वाळलेल्या शेंगेतील मूठभर बी रात्री वाटीत भिजत घातले, तर सकाळी काही दाणे फुगून दुप्पट झालेले दिसतात आणि उरलेले आदल्या दिवशीइतकेच टणक, तुळतुळीत राहतात. त्यांच्यात पाणी शिरलेलेच नसते. अशा दाण्यांच्या कवचाचा, देठाची खूण सोडून दुसऱ्या बाजूचा भाग पॉलिश पेपरवर हलकेच घासला की पाण्याला वाट मिळते. जमिनीत पडलेल्या अशा कठीण बियांवर हेच काम दिवसाची होरपळ आणि रात्रीचा उतार यांचे चक्र करते: या सततच्या चढउताराने कवच हळूहळू सैल होते. मात्र सगळे दाणे एकाच वर्षी उगवत नाहीत. मृगाचा पाऊस पडून मध्येच ओढ बसली, तर उगवलेली रोपे जळतात, पण मागे राहिलेले दाणे पुढच्या पावसाळ्यासाठी शिल्लक असतात. बागायतदाराला त्रासदायक वाटणारा हा विलंब वेलाच्या दृष्टीने विम्यासारखा आहे.

सदाफुलीच्या बारीक काळ्या बियांना अंधार मानवतो, म्हणून ते नुसते भुरभुरून न सोडता मातीच्या पातळ थराखाली झाकावे. गुलबक्षीचे सुरकुतलेले, मिऱ्याएवढे बी मात्र फारसे आढेवेढे घेत नाही. तिचे खरे बळ जमिनीखाली असते: वरचा पाला उन्हाळ्यात वाळून गेला, तरी जाड कंदासारखे मूळ जिवंत राहते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. अबोलीची वाळलेली बोंडे ओल लागताच फटकन उकलून बी दूर फेकतात, तेव्हा बी धरायचे असेल तर ती कोरड्या दिवशीच खुडावीत.

काळ्या मातीचा खरा धोका उन्हापेक्षा पावसाळ्यात अधिक असतो. ही माती पाणी धरून फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. अशा दमट वाफ्यात पिथियमसारख्या रोगकारकांमुळे कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. म्हणून माती, रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा करावा, बी दाट पेरू नये आणि पूर्व विदर्भातील भरपूर पावसाच्या भागात तर वाफ्याची उंची थोडी अधिकच ठेवावी. पुढे उन्हाळ्यात ओळीच्या बुंध्याशी कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुश्शाचा, थर दिला, तर ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात.

साठवणीच्या बाबतीत बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा उपयोगी पडतो: बियांतील ओलावा १ टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी घटले, की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तापलेल्या टिनपत्र्याखाली टांगलेली पुरचुंडी या हिशेबात सर्वांत तोट्याची ठरते. त्यापेक्षा सावलीत चांगले वाळवलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे.