मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील, कठाणी नदीच्या खोऱ्यात वसलेले गोंड आदिवासींचे छोटे गाव. शेजारच्या लेखा गावाशी जोडून ‘मेंढा-लेखा’ या नावाने ते ओळखले जाते. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या जंगलाची राखण आणि व्यवस्था ग्रामसभेने स्वतःकडे घेतल्यामुळे सामूहिक वनहक्कांच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे.

1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध आदिवासींनी उभारलेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून येथील जागृतीला बळ मिळाले. पुढे गावातील नेते देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा रुजली. गावाचे खरे वेगळेपण मात्र या घोषणेपेक्षा तिच्यामागच्या कार्यपद्धतीत आहे. एखाद्या प्रश्नावर अभ्यासगटात आधी खल होतो, हवे तर बाहेरच्या जाणकारांना बोलावले जाते, परंतु निर्णय ग्रामसभाच घेते आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. या पद्धतीला वेळ लागतो. पण ठरलेला नियम प्रत्येकाने स्वतः मान्य केलेला असल्यामुळे तो पाळून घेण्यासाठी पहारेकऱ्याची फारशी गरज उरत नाही. जंगलातील लाकूड वापरून बांधलेला घोटुल (गोंड तरुण-तरुणींचे सामूहिक केंद्र) वन विभागाने मोडला, तेव्हा गावाने तो पुन्हा उभारला, तोही याच एकजुटीच्या बळावर.

म्हणूनच 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनक्षेत्रावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असे हक्क सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांमध्ये त्याची गणना होते. या कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचे जंगलाचे उत्पादन, ठरवले असले, तरी 1927 च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्येनुसार तो वृक्षच होता आणि त्याच्या वाहतुकीचे परवाने वन विभागाच्याच हाती होते. हक्क कागदावर आहे, पण तोडलेला बांबू गावाबाहेर नेऊन विकता येत नाही, ही कोंडी अन्यायाची होती. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवण्यात आले, तेव्हा ती फुटली. त्यानंतर बांबूची तोड, विक्री, मजुरी आणि हिशेब हे सारे ग्रामसभा पाहू लागली. त्यासाठी तिने स्वतःच्या नावाने पॅन कार्डही काढले. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने वन, वन्यजीव आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत, त्यामुळे उत्पन्न घेणारे आणि जंगलाची जबाबदारी वाहणारे हात येथे एकच आहेत.

2013 मध्ये गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, 1964 चा आधार घेऊन ग्रामस्थांनी आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या मालकीची करण्याचा निर्णय घेतला.