सायलेन्सर बदलला की कॅट?

सकाळी चावी फिरवली आणि व्हॅन ट्रॅक्टरसारखी गरजली, तेव्हा शेजारच्या काकांच्या लक्षात आलं की रात्रीत गाडीखालून काहीतरी गेलंय. पोलिसांकडे तक्रार ‘सायलेन्सर चोरी’ची झाली. पुण्या-नाशिककडच्या बातम्यांतही मारुती इको गाड्यांच्या बाबतीत हाच शब्द येतो. चोराला मात्र सायलेन्सरच्या पत्र्याशी घेणंदेणं नसतं. त्याला हवी असते त्याच पाइपात बसलेल्या जाळीची भुकटी. चोरांच्या भाषेत ‘माती’. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. काकांच्या गाडीला गॅरेजमध्ये नवा सायलेन्सर बसला, आवाज थांबला, बिल चुकतं झालं. ती जाळी ज्यात असते तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, थोडक्यात कॅट, बसवलाच नव्हता, हे कळलं ते पुढच्या पीयूसीला.

दोन्ही वस्तू एकाच पाइपवर, दोन्ही गंजलेले लोखंडी डबे, आणि आपण दोघांनाही सायलेन्सरच म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सायलेन्सरचं काम फक्त आवाजाचं. आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि कप्पे असतात. इंजिनातून सुटणाऱ्या दाबाच्या लाटा त्यांत आपटून एकमेकींना मारतात. काही डब्यांत आवाज शोषायला काचेची लोकर भरलेली असते. धूर जसा आत शिरतो तसाच बाहेर पडतो, त्यातला विषारी भाग कणभरही कमी होत नाही.

विष कमी करतो तो कॅट. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची किंवा धातूच्या पत्र्याची जाळी असते आणि तिच्यावर त्या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर. पेट्रोल गाडीत तो एकाच वेळी तीन कामं करतो: कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, न जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. हे सगळं साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला तापल्यावरच नीट सुरू होतं. म्हणून हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाला अगदी खेटून, मॅनिफोल्डलाच (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांनाच) जोडलेला असतो. सायलेन्सर मागे, बंपरखाली. (डिझेलचं प्रकरण वेगळं, तिथे काजळीचा फिल्टरही येतो. इथे पेट्रोलपुरतंच बोलतोय.)

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला १९९५ साली. त्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही यावं लागलं, कारण शिसं त्या धातूंच्या थरावर बसून त्याला निकामी करतं.

दोघं बिघडतातही वेगवेगळे. सायलेन्सर सडतो. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की मागचा डबा पुरता तापत नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. फट् फट् आवाज आला की तोच दोषी. तो वेल्डिंगने सांधता येतो, नाहीच जमलं तर काही हजारांत बदलता येतो.

कॅट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला दुसरं कुणीतरी मारतं. प्लग किंवा कॉइल खराब असेल, गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे इंजिनात मधूनमधून पेट्रोल पेटतच नसेल, तर न जळलेलं पेट्रोल थेट जाळीवर जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस थर झाकून टाकतो. खड्ड्यात पाइप आपटला तर जाळीचे तुकडे होतात. खुळखुळ ऐकू आली तर नीट ऐका, कारण सायलेन्सरमधली सुटलेली नळीही असाच आवाज करते. पण खुळखुळीसोबत गाडी ओढत नसेल, पिकअप गेला असेल, तर तुटलेल्या जाळीने वाट अडवली असण्याची शक्यता मोठी. आणि कारण शोधल्याशिवाय नवा कॅट बसवणं म्हणजे पाच आकडी खर्च पाण्यात, मिसिंग त्यालाही जाळणार. आधी प्लग, कॉइल, ऑइल, मग कॅट. एवढा आग्रह मेकॅनिककडे धराच.

चेक इंजिन लाइट लागली आणि स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला, तर इशारा कॅटकडे असतो. त्याच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्या सेन्सरचं वागणं पुढच्यासारखंच व्हायला लागलं, की गाडीतला कॉम्प्युटर समजतो की मधला गडी काम करत नाहीये. कधीकधी सेन्सर किंवा पाइपातली गळतीही असा कोड देते, म्हणून तेही तपासून घ्यावं. सायलेन्सर फुटला तर गल्लीला कळतं, कॅट मेला तर फक्त हा दिवा सांगतो. म्हणूनच काही ठिकाणी मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून दूर सरकवणारा तुकडा) लावून दिवा विझवतात आणि कॅट पोकळ करून परत बसवतात. मला याची मनापासून चीड येते. तो धूर शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो.

‘पण पीयूसी निघते ना?’ हा नेहमीचा युक्तिवाद. बीएस ४ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषण मानकांची श्रेणी) आणि पुढच्या पेट्रोल कारसाठी आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. नायट्रोजनचे ऑक्साइड त्या यंत्रावर मोजलेच जात नाहीत. इंजिन उत्तम असेल तर मेलेला कॅटही कधी निसटून जातो. कायदा मात्र प्रमाणपत्रापाशी थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. कलम १८२ अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. कलम १९० मध्ये आवाज आणि हवा दोन्ही प्रदूषणं एकत्र येतात, दंड १०,००० रुपयांपर्यंत.

बाइकवाल्यांनी इथे जास्त जपावं. काही बाइकमध्ये कॅट पुढच्या बेंड पाइपात असतो, काहींत सायलेन्सरच्या डब्यातच. दुसऱ्या प्रकारात ‘दमदार आवाजा’चा सायलेन्सर लावला की कॅटही गेला. पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो आपण कर्कश आवाजाची शिक्षा म्हणून पाहतो. तो सायलेन्सर लावताना कॅट निघाला असेल, तर गुन्हा दुहेरी होता.

म्हणून बिलावर नुसतं ‘सायलेन्सर काम’ लिहून घेऊ नका. कॅट बदलला असेल तर त्याचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि तो तुमच्या मॉडेलचा, तुमच्याच बीएस श्रेणीचा आहे हे कंपनीच्या पार्ट काउंटरवर पडताळा. चोरी झाली असेल तर एफआयआरमध्ये ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह’ हे शब्द घालायला सांगा, म्हणजे विम्याचा दावा फक्त पत्र्याच्या डब्यापुरता उरणार नाही. आणि जुना कॅट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, भंगारातही त्याला भाव असतो. काकांनी दुसऱ्यांदा पैसे भरले तेव्हा नवा कॅट बसताना ते खाली वाकून, टॉर्च मारून बघत होते.