तंबोऱ्यातला गंधार आणि अठरा वादकांचा एक सूर

बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. आवाजाच्या पातळीवरून दरवर्षी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण त्या वादात एक मोठी गोष्ट झाकली जाते. इलेक्ट्रॉनिक संगीताने जगभरच्या वादकांचा कान बदलला. व्हायोलिन, ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य), बासरी अशी वीज न लागणारी वाद्यं घेऊन बसलेला अख्खा ऑर्केस्ट्रा आज यंत्राच्या रीतीने वाजतो. हे कसं शक्य होतं ते समजून घ्यायला आपल्याकडे तंबोरा आहे.

खर्जाची तार छेडा आणि कान भोपळ्याजवळ न्या. तार अखंड हलते, त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार-पाच भागांतही हलत असते. खर्ज सेकंदाला ६५ कंपनांचा धरला, तर १३०, १९५, २६० आणि ३२५ कंपनांचे उपस्वरही त्याच तारेतून निघतात. म्हणजे वरचा षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज आणि पाचवा गंधार. तारेवर कुणी न लावलेला, तरीही स्पष्ट ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्यात किती काटेकोर होते, ते त्यांचं गाणं ऐकणाऱ्यांना सांगायला नको.

हे उपस्वर इतके ठळक उमटतात ते जवारीमुळे. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो आणि तारेखाली दोरा सरकवलेला असतो. त्यामुळे हलणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा चाटत राहते. तार जिथे छेडावी त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा तो नियम पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. मिरजेचे कारागीर तर कितीतरी आधीपासून कानाच्या आधाराने जवारी काढत आले आहेत.

आता जर्मनीतल्या कोलोनला जाऊ. तिथल्या रेडिओच्या स्टुडिओत १९५३ मध्ये संगीतकार कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेनने उलटी वाट धरली. उपस्वर नसलेले शुद्ध सूर यंत्रातून काढायचे आणि एकावर एक रचून नवा ध्वनी घडवायचा. हंगेरीतून पळून आलेला संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी १९५७ पासून याच स्टुडिओत काम करू लागला. तिथे शिकलेलं त्याने पुढे ऑर्केस्ट्रात आणलं. १९६१ च्या ‘ॲटमॉस्फेअर्स’ मध्ये तंतुवाद्यांच्या प्रत्येक वादकाला त्याने स्वतंत्र ओळ दिली. ना चाल, ना ठेका. ध्वनीचा एक मोठा ढग हळूहळू रंग बदलतो. ऐकताना हे स्पीकरमधून येत नाही यावर विश्वास बसत नाही.

माझ्या मते या वाटेवरचं सर्वांत देखणं काम फ्रान्सचा संगीतकार जेरार ग्रिझे याचं. त्याने ट्रॉम्बोनच्या एका खालच्या सुराचा आलेख घेतला. कुठला उपस्वर किती जोराचा आणि तो केव्हा उमटतो, हे त्यावर दिसतं. १९७५ च्या ‘पार्सिएल’ या रचनेत त्याने हे उपस्वर अठरा वादकांमध्ये वाटले. सातव्या उपस्वरासारखे काही सूर पियानोच्या पट्ट्यांमध्ये बसत नाहीत, म्हणून तिथे पाव सुराच्या खुणा कराव्या लागल्या. ट्रॉम्बोनचा एक सूर सगळ्यांनी मिळून उभा करायचा! पण प्रत्येक वाद्याचे स्वतःचे उपस्वर असतात, धनुष्याचा दाब बदलतो, श्वास हलतो. म्हणून हुबेहूब ट्रॉम्बोन ऐकू येत नाही. ऐकू येतो तो जगात आधी नसलेला एक ध्वनी, आणि मला त्या कामाचं मोल त्यातच वाटतं.

डीजे फिल्टरचं बटण फिरवतो तेव्हा दबलेला आवाज उघडत जातो, कारण वरचे उपस्वर हळूहळू सुटे होतात. व्हायोलिनवाला हेच काम हाताने करतो. धनुष्य बोटांच्या पट्टीच्या बाजूला असताना सूर मऊ, घोडीजवळ नेलं की वरचे उपस्वर चढतात आणि तोच सूर धारदार होतो. टेप उलटी फिरवल्यावर येणारा आवाजही वाद्यांवर काढता येतो. अगदी हळू सुरू करायचं, फुगवत न्यायचं आणि एकदम तोडायचं.

खरी अडचण ठेक्याची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटर रुंद रंगमंचाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या संगीतात एका ठोक्याचा चौथा भाग सेकंदाच्या साधारण साडेआठाव्या भागाएवढा असतो. म्हणजे कानावर विसंबलेला वादक त्या चौथ्या भागाच्या जवळजवळ निम्म्याने मागे पडतो. म्हणून अशा रचनांत नजर संचालकाच्या हातावर ठेवतात किंवा कानात टिकटिक लावतात. आपल्या ढोल-ताशा पथकातही तीस मीटर मागच्या रांगेला ताशा याच कारणाने उशिरा पोचतो. तिथे पुढच्याचा हात बघूनच टिपरू पडलं पाहिजे.

ग्रिझेचा प्रयोग भजनी मंडळालाही करता येईल. जाड आवाजाच्या एकाने खालचा सा धरावा, दुसऱ्याने त्याच्या वरचा सा, तिसऱ्याने त्यावरचा प. बाया-मुलांनी आणखी वरचा सा आणि त्यावरचा ग घ्यावा. सगळ्यांनी ‘ऊ’ काराने गावं, कारण त्यात वरचे उपस्वर कमी असतात. वर जाल तसा आवाज कमी ठेवा. ग पेटीवरून घेऊ नका. पेटीचा गंधार थोडा चढा असतो, तंबोऱ्यातला घ्या. सूर नीट जुळले की पाच गळे वेगळे ओळखणं कठीण जातं. मग गंधार धरणाऱ्याने आवाज जरा वाढवून बघावा.