पुण्याच्या 'मेकॅनिकल स्कूल'पासून धातुशास्त्राच्या पदवीपर्यंत

यंत्र, धातुशास्त्र आणि उत्पादन या अभियांत्रिकीच्या तीन शाखा आज प्रवेशाच्या यादीत शेजारी शेजारी दिसतात. महाराष्ट्रात मात्र त्या एकाच वेळी आल्या नाहीत, आणि ज्या क्रमाने आल्या त्यात इथल्या कारखानदारीची सारी वाटचाल दिसते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणी काढण्याचे काम हाती घेतले आणि त्याच वर्षी पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. नावात 'मेकॅनिकल' असले तरी तिथे यंत्ररचना शिकवण्याचा मूळ हेतू नव्हता. इमारती, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामांसाठी सरकारला दुय्यम अधिकारी हवे होते. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली, तेव्हाही तिची ओळख ठरली ती 'एल.सी.ई.' या स्थापत्याच्या परीक्षेने. विश्वेश्वरय्या तिथूनच शिकून बाहेर पडले. मधला बराच काळ ती 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणून ओळखली जात होती. 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव १९११ मध्ये मिळाले.

यंत्रशिक्षणाची खरी निकड निर्माण केली ती गिरण्यांनी. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. भायखळ्याहून ती १९२३ मध्ये माटुंग्याला गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. गिरण्यांची यंत्रे विलायतेतून येत असल्याने मालकांना मुख्यतः ती चालती ठेवणारी माणसे हवी होती, नवी यंत्रे आखणारी नव्हेत. याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचे रेखाटन शिकवत असत. पुढे ते स्वतः कारखानदार झाले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून त्यांनी लोखंडी नांगर घडवले, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना वाटते; कारण दुरुस्तीपुरते मर्यादित राहिलेले ज्ञान इथे निर्मितीकडे वळले.

धातू हा स्वतंत्र विषय मात्र फार उशिरा आला. यंत्र बाहेरून येते तेव्हा त्याचे पोलादही बाहेरूनच येते. मग पोलाद ठिसूळ का होते, पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, ते कठीण का होते, हे प्रश्न वर्गात कोण विचारणार? जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागल्यावर बनारस हिंदू विद्यापीठाने १९२३ मध्ये धातुशास्त्राचे शिक्षण सुरू केले. पुण्याच्या महाविद्यालयात ही शाखा १९४८ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ९४ वर्षांनी उघडली.

१९५८ मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या साहाय्याने मुंबईची आय.आय.टी. सुरू झाली, आणि साठच्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात वाहनांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहू लागले. एकसारखे हजारो भाग ठरावीक मापात आणि ठरावीक खर्चात कसे काढायचे, हा प्रश्न आता रोजचा झाला. ओतकाम, घडाई, जोडकाम, लेथवरचे काम आणि मोजमाप ही पूर्वी कारागिरांच्या हातात असलेली विद्या उत्पादन अभियांत्रिकीच्या रूपाने पदवीला पोचली ती या गरजेतून. प्लास्टिक, सिरॅमिक आणि संमिश्रे (वेगवेगळे पदार्थ एकत्र बांधून केलेली 'कंपोझिट्स') यांचा वापर वाढल्यावर धातुशास्त्राच्या विभागांनी आपल्या नावात 'मटेरियल्स' म्हणजे 'सामग्री' हा शब्द जोडून घेतला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र आजही कार्यशाळेत कानस हातात धरून लोखंडाचा तुकडा काटकोनात आणावा लागतो.